सोबतिणीचा रिपोर्ट

आमच्या मॅडम खुर्चीवर बसत नसत, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं काही खरं वाटणार नाही. मुलुंडला एका हार्डवेअरच्या दुकानावर त्यांचा दवाखाना होता. आत टेबल होतं, फिरती खुर्चीही होती, पण त्या खुर्चीवर त्यांची पर्स बसायची. मॅडम स्वतः जमिनीवर, लाकडी पाटावर, पाठ भिंतीला टेकून. समोर मूल उभं. नव्याने आलेल्या आईबापांना कळायचंच नाही की आपण बसायचं कुठे. औषध कंपन्यांची टाय लावलेली पोरं यायची, तीही बिचारी मांडी घालून बसायची आणि उठताना पँट झटकत जायची.

कारण साधं होतं. मॅडम न वाढणाऱ्या मुलांच्या डॉक्टर, आणि स्वतः सहा फुटांच्या आसपास. आसपास म्हणते, कारण अख्ख्या जगाला मोजणाऱ्या या बाईने स्वतःला मात्र कधी कुणाला मोजू दिलं नाही. आमच्या लॅबच्या दारातून येताना त्या इतक्या सवयीने वाकायच्या की रस्त्यावरच्या कमानीखालूनही वाकूनच जायच्या. "शाळेत ज्याला सगळे चिंटू म्हणून चिडवतात ते पोर आत येणार आणि माझ्याकडे मान मोडेस्तोवर वर बघणार. कशाला?" त्या म्हणायच्या. "इथे आल्यावर तरी त्याने कुणाकडे खाली बघावं."

मी तळमजल्यावर, दुकानाच्या शेजारच्या लॅबमध्ये हार्मोनच्या तपासण्या करायचे. आता घाटकोपरला दुसरीकडे आहे, आणि मॅडमनी दवाखाना बंद करून बोरिवलीच्या त्यांच्या गावठाणातल्या घरी बस्तान हलवलंय. तिथे त्या आता झाडं मोजतात म्हणे. पण त्या वर्षांत माझा निम्मा दिवस त्यांच्यामुळे वाकडा जायचा. लॅबवाले आणि डॉक्टर यांच्यात एक अलिखित समझोता असतो. आम्ही आकडे द्यायचे, त्यांनी घ्यायचे, कुणी कुणाच्या किचनमध्ये जायचं नाही. मॅडमना हा समझोता मान्य नव्हता. सकाळी बोरिवलीहून बसने यायच्या आणि वर जायच्या आधी माझ्या मशीनसमोर उभ्या राहायच्या. "काय गं, सोबतीण कशी आहे?"

सोबतीण म्हणजे कोण, हे मला पहिल्यांदा कळलं नव्हतं. मला वाटलं माझ्या हाताखालच्या मुलीची चौकशी करतायत. मग त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं, जसं काही मी बायोकेमिस्ट्री शिकलेच नव्हते. मेंदूतून वाढीचं हार्मोन सुटतं, ते यकृताला सांगतं, यकृत वाढीचा घटक तयार करतं. तो घटक हाडांपर्यंत पोचला की मूल वाढतं. पण तो एकटा रक्तात सोडला तर काही मिनिटांत नाहीसा होतो. म्हणून त्याला धरून नेणारं एक प्रथिन असतं. आमच्या रिपोर्टात त्याचं नाव इंग्रजीत लांबलचक, बाइंडिंग प्रोटीन आणि पुढे तीनचा आकडा. मॅडमच्या भाषेत सोबतीण.

"वाढ एकटी फिरत नाही," हे त्यांचं वाक्य. दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. आणि दुसरं असं की वाढीचं हार्मोन स्वतः फार लबाड. ते मूल झोपल्यावर येतं आणि उजाडेपर्यंत पसार. सकाळी रक्त काढून त्याला शोधलं तर हाती काही लागत नाही. सोबतीण मात्र दिवसभर जागेवर असते. घरी रात्री किती पाहुणे येऊन राहिले, ते सकाळी दाराशी चपला किती आहेत त्यावरून कळतं, तसं. हे चपलांचं उदाहरणही त्यांचंच. मी आजही नवीन मुलींना तेच देते, आणि त्या मान हलवतात.

आणखी एक खोड सांगते. मुलाची उंची त्या त्याला कधीच आकड्यात सांगत नसत. भिंतीशी उभं करायचं, टाचा, पाठ, डोकं टेकवायचं, मुलीचा अंबाडा नाहीतर पोनी सोडायला लावायची, पट्टी डोक्यावर टेकवायची आणि आकडा मनातच ठेवायचा. मग पाटावर येऊन बसायचं आणि विचारायचं, "बोल. या वेळी काय हाताला आलं?"

म्हणजे मागच्या खेपेपासून घरातलं असं काय आहे जिथे तुझा हात आता पोचतो? पोरं खूश व्हायची. कुणी सांगायचं पंख्याचं बटण, कुणी दाराची वरची कडी, कुणी फ्रीजवरची बरणी. एकाने ऐटीत सांगितलं, गॅसचा नॉब. मॅडमनी त्याच्या आईकडे एवढ्या रागाने पाहिलं की तिने दुसऱ्याच दिवशी सिलिंडर बंद करून ठेवायची सवय लावली असणार. मला आधी हा सगळा लाडिकपणा वाटायचा. एकदा मी म्हटलंही, मॅडम, पट्टी आहे ना, मग ही भानगड कशाला? त्या म्हणाल्या, "पट्टी माझ्यासाठी. कडी त्याच्यासाठी."

बापांवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. मुलाची उंची किती होणार याचा अंदाज आईबापांच्या उंचीवरून बांधतात, आणि बाप स्वतःची उंची नेहमी वाढवून सांगतात. आया बरोबर सांगतात, नाहीतर एखादा इंच कमीच. म्हणून मॅडम प्रत्येक बापाला बूट काढून भिंतीला लावायच्या. मोठमोठे साहेब लोक मोजे सावरत उभे राहायचे. अंधेरीहून एक कुटुंब आलं होतं, मुलगी चांगली ठणठणीत, वर्गात मधल्या रांगेत बसणारी, पण तिला मॉडेल करायची म्हणून इंजेक्शनं हवी होती. मॅडमनी रिपोर्ट दुमडून परत दिला. सोबतीण मजेत आहे, म्हणाल्या, तुम्ही पण मजेत राहा. ते लोक माझ्या लॅबमध्ये येऊन विचारत होते, ही सोबतीण कोण.

स्वतःच्या उंचीबद्दल त्या एकदाच बोलल्या, तेही हसत. लग्नाचं बघायला माणसं यायची तेव्हा त्यांची आई त्यांना आधीच खुर्चीत बसवून ठेवायची आणि बजावायची, उठू नकोस. एक स्थळ पक्कं होत आलं होतं. मुलाला मुलगी पसंत, मुलीला मुलगा पसंत. तेवढ्यात कुणीतरी पाणी मागितलं आणि या उठल्या. "त्याचं तोंड बघायला हवं होतंस. पाणी पण प्यायला नाही गं." मी हसले, मग मला कसंतरीच झालं. त्या म्हणाल्या, तेव्हापासून मला कळलंय, मी बसलेली असले की जगाचं माझ्याशी बरं जमतं.

तर आता त्या नाहूरच्या मुलीचं सांगते, कारण मॅडम म्हटलं की मला तीच आठवते.

वय नऊ, दिसायची सहाची. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत कायम पहिली. वडील मूळचे मालवणकडचे, आजोबा गिरणीत होते, हे विम्याच्या ऑफिसात. माणूस भला, पण एका गोष्टीवर अडलेला. तरुणपणी पोलीस भरतीला गेला होता, धावला, लेखी झाली असती, पण उंचीत बाद झाला. पट्टीखालून बाहेर काढला ते त्याच्या मनातून गेलंच नाही. मुलगी झाली, ती वाढेना, तेव्हा त्याला वाटलं आपलंच नशीब पोरीच्या मागे लागलंय.

मॅडमनी सगळं केलं. औषध देऊन हार्मोन किती उसळतं ती चाचणी झाली, उसळलं नाही. माझ्याकडे रक्त आलं. वाढीचा घटक खाली, सोबतीणही खाली. सगळं एकाच दिशेला बोट दाखवत होतं. रोज एक इंजेक्शन, वयात येऊन वाढ थांबेपर्यंत. बाप तयारच होता. त्याने तर मोबाईलवर सुई कशी टोचायची त्याचे व्हिडिओ बघून ठेवले होते. आई गप्प होती. मुलगी आईच्या ओढणीआड उभी राहून सुई किती मोठी असते ते बोटांनी विचारत होती.

मॅडमचा एक नियम होता. सोबतीण दोनदा बघितल्याशिवाय सुई सुरू करायची नाही, आणि मध्ये काही आठवडे जायला हवेत. तेव्हा परीक्षा संपत आल्या होत्या. आई हळूच म्हणाली, दरवर्षी सुट्टीत मामाकडे गावी जाते, या वर्षी नको का? बाप म्हणाला, आता कसलं गाव? मॅडम म्हणाल्या, जाऊ दे. शाळा सुरू झाली की परत रक्त घेऊ, मग बघू. बाप चडफडत खाली उतरला आणि माझ्यासमोर बोलून गेला की एवढी उंच बाई, तिला काय कळणार बुटक्याचं दुःख. मी त्याच्या हातात पावती ठेवली.

जूनमध्ये पोरगी आली. काळी-सावळी होऊन, गुडघे फुटलेले, झकास. मी रक्त काढलं, मशीनला लावलं, आणि आकडा बघून नळीवरचं नाव परत वाचलं. सोबतीण वर आली होती. अगदी टकाटक नाही, पण नीट. वाढीचा घटकही उठून बसलेला. इंजेक्शनचा एक थेंबही न देता!

मग जे व्हायचं तेच झालं. बाप म्हणाला, लॅबने घोळ केला. आमच्या लॅबचे मालक घाबरून म्हणाले, नमुना बदलला असेल, माफी मागून मोकळी हो आणि पहिला रिपोर्ट खरा म्हण, त्यांना पण तेच हवंय. मी अशी तापले म्हणता. माझ्या मशीनवर मी रोज सकाळी देवपूजेसारखा कंट्रोल, म्हणजे आकडा आधीच माहीत असलेला नमुना, लावते, आणि हे म्हणतात बदललं असेल! पहिल्या खेपेचं उरलेलं सीरम मी फ्रीझरमध्ये ठेवलं होतं. ते काढलं, नवीन त्याच्या शेजारी ठेवलं, दोन्ही एकाच वेळी लावले. फरक तोच. मी दोन्ही कागद घेऊन ताडताड वर गेले.

मॅडम पाटावर बसून डबा खात होत्या, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. दोन्ही कागद त्यांनी मांडीवर शेजारी ठेवले आणि जेवण विसरून बघत राहिल्या. मी भांडायच्या तयारीत होते. त्या म्हणाल्या, "तू बरोबर आहेस. दोन्ही वेळा बरोबर आहेस." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "म्हणजे मुली दोन आहेत. एक मुंबईतली, एक गावची. मुंबईतलीला काहीतरी होतंय."

एवढं बोलून कुणी दुसरं स्वस्थ बसलं असतं. या बाईने संध्याकाळचे पेशंट पुढे ढकलले आणि मला म्हणाल्या, चल. कुठे? तर नाहूरला. न सांगता. मी म्हटलं, मॅडम, असं कुणाच्या घरी जेवणाच्या वेळेला जातात का? त्या म्हणाल्या, जेवणाच्या वेळेलाच जायचंय.

स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमधली छोटी खोली. मॅडम दारातून वाकून आत शिरल्या आणि खोली भरून गेली. घरातली माणसं इतकी गडबडली की कुणी बसा म्हणायलाही विसरलं. जेवणं चालू होती. बापाच्या ताटात भात आणि बांगड्याची आमटी, आईच्याही. मुलीच्या ताटात तीन चपात्या आणि दूध. ती शेवटच्या चपातीचे तुकडे दुधात बुडवून, डोळे मिटून गिळत होती.

मॅडम तिच्या समोर जमिनीवर बसल्या. "तू मासे-भात नाही खात?"

"बाबा नाही देत," ती म्हणाली. "गावाला खाते."

बापाने मान वर करून सांगितलं, अगदी विश्वासाने. भरतीच्या रांगेत त्याने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. भात खाणारे आम्ही कोकणातले सगळे बाद, आणि चपाती खाऊन आलेले सगळे ताड-माड. समोरच्या खोलीतला पंजाबी ड्रायव्हर केवढा आहे बघा. म्हणून पोरगी वाढत नाही असं दिसलं तसं त्याने तिचा भात बंद केला होता. सकाळी चपाती, डब्यात चपाती, संध्याकाळी चपाती. वाढली नाही की आणखी एक. वर्षानुवर्षं. पोट दुखतं म्हणायची ते नाटक, पोट फुगलेलं दिसायचं ते चांगलं खाल्ल्याचं लक्षण. फक्त सुट्टीत मामाकडे चपाती कोण करतंय? तिथे घावणे, आंबोळ्या, तांदळाची भाकरी, भात.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग उठल्या. हळूहळू, पुऱ्या उभ्या राहिल्या, डोकं माळ्याच्या फळीला लागेपर्यंत. मी त्यांना कुणासमोर असं मुद्दाम उभं राहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

"बघा माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "बोरिवलीला आमची भातशेती होती. मी तीन वेळा भात खाऊन वाढले. चपाती पहिल्यांदा खाल्ली ती कॉलेजच्या कँटीनमध्ये."

बाप त्यांच्याकडे मान वर करून बघत राहिला. त्याच्या हातातला घास ताटातच पडला.

जिना उतरताना मात्र त्या स्वतःवर संतापल्या होत्या. हा आजार, गव्हाने, अगदी पाव-बिस्किटातल्या गव्हानेही, आतडं खराब होऊन अंगाला काही लागतच नाही असा, सीलिॲक म्हणतात, त्याची तपासणी त्यांनी पहिल्याच दिवशी करायला हवी होती. पण आईला विचारलं होतं, घरी काय खाता? ती म्हणाली होती, आम्ही कोकणातले, भात-मासे. मॅडमनी तिथेच तो विषय सोडला. "मी घर विचारलं. पोरीचं ताट विचारलंच नाही," असं त्या मुलुंड येईपर्यंत पुटपुटत होत्या. मी म्हटलं, असू दे ना मॅडम, सुई तर नाही दिली. त्यांनी ऐकलं नाही.

रक्ताची तपासणी तसंच सांगत होती. पण खात्रीसाठी दुर्बिणीने आतड्याचा तुकडा घ्यायचा होता, आणि तोपर्यंत गहू बंद करायचा नव्हता, नाहीतर तपासणीत काही दिसत नाही. हे मॅडमनी आईला सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. ती बाई इतके महिने जेमतेम बोलली होती, ती पहिल्यांदा मोठ्याने बोलली. "आता कळलंय मला. कळून मी तिला चपाती वाढू? माझ्या हाताने?" आणि ती ढसाढसा रडायला लागली. मॅडम तिच्यासमोर पाटावर बसून राहिल्या, तिचा हात धरून. मग कोपऱ्यात उभा असलेला बाप म्हणाला, "मी करतो."

त्याने खरंच केल्या. आई लाटण्याला हात लावीना, म्हणून दुर्बिणीची तारीख येईपर्यंत ऑफिसातून आल्यावर हा माणूस कणीक मळायचा, वाकड्यातिकड्या चपात्या लाटायचा आणि पोरीच्या ताटात वाढायचा. मुलीला सांगायचा, अजून थोडेच दिवस बाय. पोरीनेच हे मला सांगितलं, रक्त देताना. बाबांच्या चपात्या जाड असतात, म्हणाली, पण मी खाते, मी खाताना त्यांना बघवत नाही.

तपासणी झाली. आतडं गुळगुळीत झालेलं, जिथे मखमलीसारखं असायला हवं होतं तिथे. निकाल आला त्या दिवशी बापाने घरातलं सगळं पीठ समोरच्या पंजाबी ड्रायव्हरला देऊन टाकलं आणि पोळपाट-लाटणं माळ्याच्या सगळ्यात वरच्या फळीवर टाकलं. घरात कुणीच चपाती खायची नाही असं ठरलं. नाताळला मॅडम घरून मैद्याचे फुगे, ते तळलेले गोल पाव, आणायच्या आम्हा सगळ्यांसाठी, त्या वर्षी त्यांनी तांदळाच्या भाकऱ्या आणल्या. मी नाक मुरडलं. खरं सांगते, मला फुगेच हवे होते.

मुलीच्या पहिल्या खेपांना मॅडमचा प्रश्न झाला की ती मान हलवायची. काही नाही, म्हणायची. काही म्हणजे काहीच हाताला आलं नव्हतं तिला इतकी वर्षं. मग हळूहळू यायला लागलं. आधी कडी. मग खिडकीचा वरचा खिट्टा. मग बापाच्या शर्टाचा हँगर. सोबतीण माझ्या मशीनवर दर खेपेला वर चढत होती आणि मी कागद घेऊन स्वतःच जिना चढायचे, शिपायाला द्यायचे नाही.

शेवटची खेप मला नीट आठवते. तिला बारावं लागलेलं, कुर्ता घालून आलेली, आईच्या कानापर्यंत. बाप मागे उभा. मी रक्ताच्या नळीवर नाव लिहीत होते. मॅडम म्हणाल्या, आज पट्टी मागाहून, आणि पाटावरूनच विचारत्या झाल्या, "बोल. या वेळी काय हाताला आलं?"

तिने आधी बापाकडे बघून घेतलं, मग म्हणाली, "पोळपाट."

बाप जमिनीकडे बघायला लागला. मॅडमनी विचारलं, मग काय केलंस?

"काही नाही. परत होता तिथे ठेवला, मागे सरकवून. हात धुतले." मग खाली वाकून, मॅडमच्या कानाशी, पण आम्हा सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, "तो खाली दिसला की बाबांना वाईट वाटतं."

मॅडम चष्मा काढून पुसत बसल्या. मग म्हणाल्या, जा, झालं. ती माणसं जिना उतरून गेली, मी नळ्या गोळा केल्या, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पट्टी भिंतीवर तशीच वर अडकवलेली आहे. मॅडम तिला मोजायलाच विसरल्या होत्या.